जळालेल्या दफ्तराच्या नकला : आयर्लंडमधली जुनी पत्रं आणि दस्त कसे शोधावेत

डब्लिनमध्ये कुणालाही सांगा की मला इथले दोनशे वर्षांपूर्वीचे कागद बघायचे आहेत. उत्तर ठरलेलं असतं : "ते सगळं १९२२ मध्ये जळालं." मी इथे नवा होतो तेव्हा हे इतक्या जणांकडून ऐकलं की वर्षभर कुठल्याच वाचनालयाची पायरी चढलो नाही. हे उत्तर अर्धं खरं आहे, आणि नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ तेच खातं.

म्हणून आधी जळालं काय, ते नीट बघू. लिफी नदीच्या काठावर फोर कोर्ट्स हा न्यायालयांचा परिसर आहे. तिथेच १८६७च्या कायद्यानं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस उभं राहिलं आणि देशभरातल्या न्यायालयांचे, सरकारी खात्यांचे, चर्चचे जुने कागद तिथे गोळा व्हायला लागले. १९२२ साली यादवी युद्ध पेटलं. ब्रिटनशी झालेला १९२१चा करार मान्य नसलेल्या गटानं अख्खा फोर कोर्ट्स ताब्यात घेतला होता. २८ जूनला नव्या सरकारच्या सैन्यानं त्यावर तोफा डागल्या आणि ३० जूनला मोठा स्फोट होऊन दफ्तराची इमारत आगीत गेली. सात शतकांचे कागद गेले. १८२१ ते १८५१च्या जनगणनेची जवळपास सगळी पत्रकं, चर्चच्या न्यायालयांतली मृत्युपत्रं, चॅन्सरी कोर्टाचे दावे.

मात्र प्रत्येक गहाळ कागदाचं खापर त्या आगीवर फोडू नका. १८६१ आणि १८७१च्या जनगणनेची पत्रकं सरकारनं स्वतःच्याच हुकुमानं आधीच नष्ट केली होती, आणि १८८१ व १८९१ची पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत लगद्यासाठी गेली. ही कामगिरी कारकुनांची, तोफांचा तिथे काही संबंध नाही.

आता वाचलं काय? डब्लिन किल्ल्यातलं स्टेट पेपर ऑफिस वेगळ्या जागी होतं, ते वाचलं. हेन्रिएटा स्ट्रीटवरचं दस्तनोंदणी कार्यालय वाचलं. जमीनदारांच्या हवेल्यांत पडून राहिलेले गठ्ठे वाचले. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नकला वाचल्या. जुन्या जगात कुठलाही कामाचा कागद एकटा जन्माला येत नसे. एक प्रत देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे, गोषवारा नोंदणी कार्यालयात, नक्कल वकिलाच्या पेटीत. त्यामुळे इथे "तो कागद कुठे आहे" असं विचारत बसण्यात अर्थ नाही. विचारायचं ते असं : हा कागद कुणासाठी लिहिला होता, आणि तेव्हा त्याच्या किती प्रती निघाल्या असतील? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

पहिली पायरी : गाव पकडा

आपल्याकडे सातबारा काढायला गेलात तर खिडकीवरचा माणूस आधी जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर विचारतो. आयर्लंडमध्येही तसंच. नुसतं "पॅट्रिक केली, काउंटी गॉलवे" म्हणाल तर कुणीही हसेल. इथली सगळ्यात लहान घटक म्हणजे टाउनलँड. नावात टाउन असलं तरी शहराशी संबंध नाही. ही शेतजमिनीची वाडी, काहींत दहा घरं, काहींत एकही नाही. अशा साठ हजारांहून जास्त आहेत. त्यावर सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरनी (आपल्या जुन्या परगण्याची आठवण करून देणारी), आणि वर काउंटी. काउंट्या ३२, त्यातल्या ६ उत्तर आयर्लंडमध्ये, २६ प्रजासत्ताकात.

टाउनलँडची नावं आयरिश भाषेतली, पण लिहिणारे इंग्रजी कारकून, म्हणून एकाच नावाची पाच स्पेलिंग सापडतात. 'बॅली'नं सुरू होणारं नाव बहुतेक वेळा 'बल्या' म्हणजे वस्ती यावरून आलेलं, 'नॉक' म्हणजे टेकडी, 'किल' म्हणजे चर्च किंवा कधी रान. लोगानिम हा स्थळनामांचा सरकारी संग्रह ऑनलाइन आहे, त्यात जुनी रूपंही दिलेली असतात. त्यावर आधी अर्धा तास घालवा. आडनावांचंही तेच : ओ आणि मॅक हे उपसर्ग अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गळून पडायचे आणि नंतर परत यायचे. दोन्ही रूपांनी शोधा.

गाव आणि काळ हातात आला की ग्रिफिथचं मूल्यांकन उघडा. १८४७ ते १८६४ या काळात सगळ्या बेटाची करासाठी मोजणी झाली. प्रत्येक टाउनलँडमध्ये जमीन कोण कसतो, कुणाकडून घेतली आहे, किती आहे, मूल्य किती, हे त्यात छापलेलं आहे. मोफत बघता येतं. बहुतेक लोक कसणाऱ्याचं नाव बघून खूश होतात आणि पान बंद करतात. तुम्ही शेजारच्या रकान्यातलं, जमीन देणाऱ्याचं नाव लिहून घ्या. कुळानं लिहिलेलं पत्र कुळाच्या घरात राहत नाही, ते जमीनदाराच्या कपाटात राहतं. खंडात सूट मागणारे, बांधावरून भांडणारे, मुलाला अमेरिकेला धाडायला पैसे मागणारे सगळे अर्ज इस्टेटीच्या कागदांत असतात, आणि इस्टेटीचे कागद जमीनदाराच्या नावानं लावलेले असतात.

दुसरी पायरी : घरबसल्या काय होतं ते आधी संपवा

पुण्यात, मडगावात किंवा न्यू जर्सीत बसूनही बरंच काम होतं. व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड हा ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकारानं झालेला प्रकल्प जून २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षं होताना खुला झाला. जळालेल्या दफ्तराच्या नकला जगभरच्या संग्रहांतून शोधून त्यांनी पुन्हा एका छताखाली मांडल्या आहेत, अर्थात पडद्यावर. त्यांचा सांगाडा म्हणजे हर्बर्ट वूड या अधिकाऱ्यानं १९१९ साली छापलेली त्या दफ्तराची मार्गदर्शिका. कुठल्या खणात काय आहे याची त्यानं यादी केली, आणि तीन वर्षांत खण आणि कागद दोन्ही गेले. यादी तेवढी राहिली.

१९०१ आणि १९११ची जनगणना नॅशनल आर्काइव्हजनं मोफत ठेवली आहे. १८५८ नंतरच्या मृत्युपत्रांच्या छापील वार्षिक याद्याही आहेत : मयताचं नाव, पत्ता, मृत्यूची तारीख, प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी) कुणाला मिळालं, मालमत्ता किती. मूळ मृत्युपत्रं जळाली असली तरी जिल्ह्याच्या प्रोबेट कार्यालयांनी आपल्याकडे उतरवून ठेवलेल्या वह्या वाचल्या. म्हणजे जिल्ह्यातून दिलेल्या प्रोबेटचा पूर्ण मजकूर बऱ्याचदा मिळतो. डब्लिनच्या मुख्य कार्यालयात गेलेल्याचा मिळणं अवघड. १८५८च्या आधीसाठी सर विल्यम बेथमचे आभार माना. वंशावळींचं वेड असलेल्या या अधिकाऱ्यानं आर्माच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टातल्या, म्हणजे मृत्युपत्रं बघणाऱ्या चर्चच्या वरच्या न्यायालयातल्या, १८०० पर्यंतच्या मृत्युपत्रांतून नातेवाइकांची माहिती वह्यांत उतरवून ठेवली होती. त्याला घराण्यांत रस होता, आपल्याला त्याच्या वह्यांत.

नक्कल कुठून निघेल याचं माझं आवडतं उदाहरण वेगळंच आहे. १९०८ साली वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा आला, वय सत्तर पूर्ण हवं. पण जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. म्हातारा माणूस वय सिद्ध कसं करणार? मग अर्ज यायचा : १८४१ किंवा १८५१च्या जनगणनेत मी आईबापांच्या घरात लहान मूल म्हणून नोंदलेला आहे का, ते बघा. कारकून दफ्तर उघडून शोधायचा आणि फॉर्मवर उतरवायचा. पुढे जनगणना जळाली. फॉर्म राहिले. आज ते ऑनलाइन आहेत. एखाद्या म्हाताऱ्याच्या आठवड्याच्या चार पैशांसाठी केलेली ती खटपट हाच त्या कुटुंबाच्या १८५१च्या नोंदीचा उरलेला एकमेव तुकडा असतो.

तिसरी पायरी : दस्तनोंदणी, सावकाश

इथे मी थांबणार आहे, कारण ज्यानं महाराष्ट्रात एकदा तरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन घेऊन वाट पाहिली आहे, त्याला रजिस्ट्री ऑफ डीड्स समजायला सगळ्यात कमी वेळ लागतो.

१७०७ साली कायदा झाला, १७०८ मध्ये नोंदणी सुरू झाली. हेतू उदात्त नव्हता. त्या काळच्या दंडक कायद्यांनी कॅथलिकांना जमीन विकत घ्यायला बंदी होती आणि ३१ वर्षांपेक्षा लांब मुदतीचा पट्टाही घेता येत नसे. प्रॉटेस्टंट मालकांच्या हातात आलेल्या जमिनींचे व्यवहार पक्के करायचे होते. म्हणून १७७८ आणि १७८२च्या सुधारणांआधी या वह्यांत कॅथलिक नावं विरळ. नोंदणी सक्तीची नव्हती, पण नोंदवलेल्या दस्ताला न नोंदवलेल्यावर अग्रक्रम मिळे, त्यामुळे पैसेवाले धावत येत.

कार्यालयात मूळ दस्त राहत नसे. त्याचा गोषवारा राही, त्याला म्हणत मेमोरियल. तो लिहून देणाऱ्यानं किंवा लिहून घेणाऱ्यानं सही-शिक्क्यानिशी द्यायचा, आणि मूळ दस्तावरच्या एका साक्षीदारानं शपथेवर सांगायचं की होय, सह्या माझ्यासमोर झाल्या. मग कारकून तो मेमोरियल मोठ्या वहीत उतरवून घेई. म्हणजे बघा : दस्ताच्या दोन प्रती पक्षकारांकडे, मेमोरियल तळघरात, वहीत नक्कल. एका व्यवहाराचे चार कागद. घराण्याचं दप्तर उंदरांनी खाल्लं तरी दोन उरतात.

दोन प्रतींच्या दस्ताला म्हणतात तो इंडेंचर हा शब्दही त्यातूनच आलेला. एकाच कातड्यावर मजकूर दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी, वेडीवाकडी रेघ कापून दोघांना एकेक तुकडा द्यायचा. पुढे वाद झाला तर दात जुळवून बघायचे. पुढे पुढे नुसतीच वरची कड नागमोडी कापायची रीत राहिली. वाचनालयात असा दस्त हाती आला की आधी त्या कडेवरून बोट फिरवावंसं वाटतं. फिरवू नका, समोर बसलेली बाई बघत असते.

शोधायचं कसं? दोन सूच्या आहेत. एक नावांची, एक जमिनींची. आपल्या इंडेक्स टूची सवय असेल तर दुसरीकडे हात आपोआप जाईल, आणि तेच योग्य. कारण नावांच्या सूचीत फक्त लिहून देणाराच लावलेला आहे. आपल्या नोंदणी कायद्यातल्या पहिल्या सूचीत दोन्ही पक्षांची नावं असतात, इथे तसं नाही. तुमचा माणूस विकत घेणारा असेल तर त्याच्या नावाखाली तो सापडायचाच नाही. विकणारा कोण होता ते आधी ठाऊक हवं. शिवाय १८३३च्या आधी नावांच्या सूचीत ठिकाणच दिलेलं नाही. जॉन मर्फीच्या ओळीमागून ओळी येतात, आणि प्रत्येकासमोर फक्त घेणाऱ्याचं आडनाव आणि तीन आकडे : खंड, पान, मेमोरियल क्रमांक. जमिनींच्या सूचीत काउंटीप्रमाणे टाउनलँडच्या पहिल्या अक्षराखाली नोंदी आहेत, पण अक्षराच्या आत क्रम कडक नाही, पान न् पान वाचावं लागतं. म्हणूनच पहिल्या पायरीत गाव पकडा म्हटलं. वह्यांचे आणि सूच्यांचे १९२९ पर्यंतचे फोटो फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून बघता येतात, आणि स्वयंसेवकांचा एक निर्देशांक प्रकल्प घेणारे, साक्षीदार, शेजारी अशी सगळीच नावं नोंदवत चालला आहे. तो आधी बघा.

आता मेमोरियल हातात आला असं समजा. पहिल्या ओळीत दस्ताचा प्रकार आणि तारीख : पट्टा, गहाण, लग्नाच्या वेळचा करार, की नुसती विक्री. मग लिहून देणार, लिहून घेणार, दोघांचे राहण्याचे ठिकाण आणि हुद्दा. हुद्द्याकडे दुर्लक्ष नको. 'एस्क्वायर', 'जेंटलमन', 'योमन', 'फार्मर' ही उतरंड आहे आणि तीस वर्षांत एखादं घराणं ती चढताना दिसतं. मग जमीन, चतुःसीमेसकट कधी कधी. मोबदल्याच्या जागी 'पाच शिलिंग' दिसले तर हुरळून जाऊ नका, ती कायद्यापुरती लिहिलेली रक्कम असते. खरा पैसा दुसऱ्या कागदात.

आणि मग मुदत. "तीन आयुष्यांचा पट्टा" हा प्रकार बघून मी पहिल्यांदा चक्रावलो. मुदत वर्षांत नसते, माणसांत असते : अमुक, तमुक आणि ढमुक हे तिघे जिवंत आहेत तोवर जमीन तुमची. तिघांतला शेवटचा गेला की पट्टा संपला. साहजिकच लोक लहान मुलांची नावं घालत, बऱ्याचदा स्वतःचीच, आणि मूल कुणाचं, वय किती हेही लिहिलेलं असे. हुशार लोक राजपुत्रांची नावं घालत : चांगलं खाऊनपिऊन असलेला माणूस, आणि मेला तर बातमी सगळ्यांना कळणार. बाप्तिस्म्याची नोंदवही जळालेल्या गावात मुलांची नावं आणि वयं मिळण्याची ही कधी कधी एकमेव जागा असते.

शेवटच्या ओळी टाळू नका. साक्षीदार हे वकिलाचे कारकून, शेजारी, मेहुणे असतात. एकच साक्षीदार चार दस्तांत दिसला की घराण्याचा वकील सापडला, आणि वकिलांच्या पेट्याही कधी कधी संग्रहालयात आलेल्या असतात.

चौथी पायरी : सरकारला लिहिलेली पत्रं

डब्लिन किल्ल्यात चीफ सेक्रेटरी, म्हणजे आयर्लंडचा कारभार बघणारा ब्रिटिश मंत्री बसे, आणि सगळ्या बेटाचं सरकारी टपाल त्याच्या कचेरीत येई. १८१८ पासून १९२४ पर्यंतची ही नोंदणीकृत कागदपत्रं आता बिशप स्ट्रीटवरच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. ज्यानं मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत बारनिशी बघितली आहे, त्याला ही पद्धत नवी नाही. पत्र आलं, आवक क्रमांक पडला, नोंदवहीत एक ओळ आली, सूचीत नाव चढलं. तुम्ही उलटं जायचं : सूची, नोंदवही, क्रमांक, मग फाइल.

गंमत अशी की क्रमांकावर फाइल बहुधा नसते. त्याच प्रकरणात पुन्हा पत्र आलं की जुना कागद उचलून नव्या क्रमांकाला जोडत, आणि जुन्या ओळीसमोर नवा क्रमांक लिहीत. मग आणखी पत्र, आणखी नवा क्रमांक. साखळीच्या शेवटच्या कडीला सगळा गठ्ठा सापडतो. मधल्या कडीवर "कागद नाही" असं उत्तर आलं म्हणून परत फिरू नका. सुरुवातीच्या वर्षांची तपशीलवार सूची ऑनलाइन आहे, तिथे हा त्रास वाचतो.

कैद्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे अर्ज याच दफ्तरातले. ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलेल्या नवऱ्याच्या मागे आपल्यालाही मुलांसह फुकट पाठवा, असं विनवणाऱ्या बायकांचे अर्ज वाचताना हात थांबतो. पण एक लक्षात ठेवा : हे अर्ज बहुतेक वेळा अर्जनवीसानं लिहिलेले. "नम्र विनंतीपूर्वक निवेदन करितो" छापाची सुरुवात, "सदैव प्रार्थना करीत राहीन" छापाचा शेवट, मधली अलंकारिक इंग्रजी, आणि खाली सहीच्या जागी फुली. आवाज तिचा नाही. तिचा म्हणावा असा एखादाच तपशील मध्ये सटकन येऊन जातो : मुलांची वयं, विकलेली गाय, ज्या बंदरातून जहाज सुटणार त्याचं नाव. तो शोधा.

आणि कागद उलटा करा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या काळी पत्र उभं दुमडून गठ्ठ्यात बांधत, आणि दुमडलेल्या बाहेरच्या पट्टीवर नाव, तारीख, विषय आणि साहेबाचा शेरा असे. पुढच्या बाजूला तीन पानांची विनवणी, आणि मागे पाच-सहा शब्द : "कायद्याला आपलं काम करू द्या." उत्तर तिथेच असतं.

याच्याही मागे, सतराव्या शतकात जायचं असेल तर ट्रिनिटी कॉलेजच्या वाचनालयातल्या १६४१च्या जबान्या आहेत. त्या ऑक्टोबरात उठाव झाला. लुटलेल्या, हाकललेल्या प्रॉटेस्टंट वसाहतकऱ्यांच्या सुमारे ८००० जबान्या शपथेवर घेतल्या गेल्या. ३१ खंड, आणि सगळे उतरवून २०१० पासून ऑनलाइन. गेलेल्या गायी, चादरी, भांडी यांची यादी आणि किंमत त्यात आहे, आणि "असं ऐकलं की" म्हणून सांगितलेल्या भयंकर गोष्टीही. स्वतःच्या घरचं सांगतो तेव्हा साक्षीदारावर बराच विश्वास ठेवता येतो. शेजारच्या काउंटीतलं ऐकीव सांगायला लागला की पेन्सिल खाली ठेवा. ही एका बाजूची फिर्याद आहे, आणि पुढे शेकडो वर्षं ती तशीच वापरली गेली.

पाचवी पायरी : वाचता येणं

एकोणिसाव्या शतकाचं अक्षर आठवड्यात सरावतं. सतराव्याचं 'सेक्रेटरी हँड' नावाचं जुनं वळण मात्र दमवतं. मोडी शिकलेल्यांना इथे फायदा आहे, कारण त्यांना एक गोष्ट आधीच माहीत असते : अक्षरं शिकायची नसतात, लिहिणारा शिकायचा असतो. त्या कारकुनाचे महिने, काउंटीचं नाव, "सदरहू"सारखे नेहमीचे शब्द ओळखा, त्यातून त्याचा 'एच' आणि 'सी' काढा, मग नावांकडे वळा. यंत्राकडून वाचून घेण्याची सोयही आता आहे आणि ती चांगली आहे. फक्त आडनावं आणि आकडे स्वतः तपासा.

खाजगी पत्रांत आडवं-उभं लिहिलेलं सापडेल. १८४०च्या आधी टपालखर्च कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे, आणि बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्यानं तो द्यायचा. लिफाफा म्हणजे आणखी एक कागद, म्हणून पत्रच घडी घालून पाठवत, आणि पान भरलं की ते नव्वद अंशात फिरवून त्याच ओळींवरून दुसऱ्या ओळी लिहीत. जाळीच दिसते पहिल्यांदा. पान सरळ धरून फक्त आडव्या ओळींवर डोळा ठेवा, मग फिरवून दुसऱ्या. पाचव्या ओळीला डोळा आपोआप दुसरा थर सोडून द्यायला लागतो.

शब्दांचे सापळे बरेच. 'मेमोरियल' म्हणजे दस्ताचा गोषवारा, पण किल्ल्यातल्या दफ्तरात तोच शब्द विनंती अर्जाला. 'आउटरेज' म्हणजे गुन्ह्याची घटना, संताप नव्हे. 'इन्फंट' म्हणजे तान्हं बाळ नाही, २१ वर्षांखालचा कुणीही. 'रेलिक्ट' म्हणजे विधवा. मृत्युपत्रातलं 'माय नाउ वाइफ' वाचून पहिल्या बायकोच्या शोधात निघू नका, ती नुसती वकिली भाषा. 'गेल' म्हणजे वारा नाही, सहामाही खंडाचा हप्ता, बहुधा १ मे आणि १ नोव्हेंबरला.

आकड्यांतही घोटाळा होतो. आयरिश एकर हा इंग्लिश एकराच्या सुमारे १.६२ पट, आणि दस्तात कुठला एकर ते लिहिलेलं असेलच असं नाही. १८२६ पर्यंत आयरिश पैसाही वेगळा : इंग्लिश शिलिंगला १३ आयरिश पेन्स. १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे "फेब्रुवारी १७२०" म्हणजे आपल्या हिशोबानं १७२१चा फेब्रुवारी. मी स्वतः एकदा एका घराण्यातल्या बापाच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांनी त्याचीच सही असलेला दस्त सापडला, तेव्हा बनाव पकडला म्हणून दोन दिवस आनंदात होतो.

मध्येच, आपल्या माणसांसाठी

मराठी वाचकाला साहजिकच वाटेल की इथे आपलं काही सापडेल का. सापडतं, पण जन्मगावावरून अंदाज बांधू नका. असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली डब्लिनचा, त्याचे कागद मात्र इंग्लंडात, साउथॅम्पटन विद्यापीठात. उलट १८०२ ते १८०६ या काळात, ज्यात दुसरं इंग्रज-मराठा युद्ध झालं, लंडनमध्ये भारताचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष कॅसलरे होता, आणि त्याचे कागद बेलफास्टच्या टायटॅनिक क्वार्टरमधल्या सार्वजनिक दफ्तरात, ज्याला सगळे प्रोनी म्हणतात, डी३०३० या क्रमांकाखाली आहेत. १८८५ साली मुंबईत काँग्रेस भरली तेव्हाचा व्हाइसरॉय डफरिन, त्याचे तिथेच डी१०७१ खाली. आणि १९२०च्या जूनमध्ये जालंधरला ब्रिटिश फौजेतल्या कनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश शिपायांनी मायदेशातल्या दडपशाहीच्या निषेधात शस्त्रं खाली ठेवली, त्यांच्यासाठी १९३६ साली आयरिश सरकारनं पेन्शनचा खास कायदा केला. पेन्शन आली की अर्ज आले, आणि अर्ज आले की कागद राहिले.

सहावी पायरी : प्रत्यक्ष जाताना

नॅशनल आर्काइव्हज, किल्डेअर स्ट्रीटवरचं नॅशनल लायब्ररी, बेलफास्टचं प्रोनी, तिन्हीकडे वाचकपत्र मोफत मिळतं. फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. वेळा आणि मागणीचे नियम निघण्याआधी बघून घ्या, कारण काही गठ्ठे बाहेरच्या गोदामातून मागवावे लागतात. पिशवी, पेन, पाण्याची बाटली लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल, कोरे कागद, लॅपटॉप, फोन. गठ्ठ्यातले कागद ज्या क्रमात आले त्याच क्रमात परत. चुकीच्या जागी लागलेलं वाटलं तरी स्वतः लावू नका, सांगा. आणि सरळ विचारा. "माझे पूर्वज" अशी गोष्ट सुरू केलीत तर समोरचा नम्रपणे मान डोलावेल, "या टाउनलँडच्या १८३०च्या आसपासच्या जमीनदाराचे कागद तुमच्याकडे की लायब्ररीत?" असं विचारलंत तर तो खुर्ची ओढून बसेल.

फोटोंबद्दल एकच सांगतो. परवानगी असेल तिथे कागदाचा फोटो घेण्याआधी मागणीच्या चिठ्ठीचा घ्या, ज्यावर क्रमांक आहे. मग कागदाची पुढची बाजू, मग मागची, मग पुढचा कागद. गठ्ठा बदलला की पुन्हा चिठ्ठी. माझ्या पहिल्या फेरीचे दोनशेच्या वर फोटो आहेत, एकाचाही क्रमांक नाही. त्यात एका आईनं बॉस्टनच्या मुलाला लिहिलेलं आडवं-उभं पत्र आहे, मी दोन रविवार घालवून पूर्ण उतरवलं. त्याचं दुसरं पान फोटोत आलेलं नाही, आणि ते परत मागवायला माझ्याकडे नंबर नाही.